निनावी व्हायला गर्दी लागते

लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात, म्हणजे गिरिजात्मजाच्या शेजारच्या चैत्यगृहात, दारावर एक ब्राह्मी लेख कोरलेला आहे. बहुतेक भाविक सातव्या लेण्यातल्या गणपतीचं दर्शन घेतात, माकडांपासून प्रसाद वाचवतात आणि पायऱ्या उतरायला लागतात. त्या लेखाकडे मान वर करून पाहणारा विरळाच. लेखाचा मजकूर साधा आहे: हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दान दिलं. नाव, बापाची ओळख, गाव. बँकेत खातं उघडायला आज जे विचारतात त्यातलं निम्मं सुलसदत्ताने अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी स्वतःहून दगडात नोंदवून ठेवलं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत अशी कितीतरी नावं आहेत. कुणी पाण्याची टाकी खोदून दिली, कुणी भोजनमंडप दिला. त्यांत इरिल, चित, चंद अशी यवन दात्यांची नावंही सापडतात. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवर पैसा मिळवलेली ही माणसं; आपलं नाव चारचौघांनी वाचावं अशीच त्यांची इच्छा होती. काय कोरायचं आणि काय सांगायचं नाही, हे मात्र त्यांचं त्यांनी ठरवलं. सुलसदत्तावर कर्ज किती होतं, त्याची लेक कुठे दिली होती, तो कोणत्या दिवशी कल्याणहून निघाला, यातलं काही दगडावर नाही.

त्याच डोंगराच्या पायथ्याला, गोळेगावात आणि जुन्नर-ओझर रस्त्याच्या आजूबाजूला, मुक्कामासाठी खोल्या देणारी घरं, लॉज आणि भक्तनिवास आहेत. अष्टविनायकाला निघालेलं कुटुंब रात्री नऊला पोचतं. पोरं पेंगुळलेली, आजींचे गुडघे बोलायला लागलेले. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, सगळ्यांचे आधार व्हॉट्सॲप करा." कुणाच्या नंबरवर? त्याच्याच. दोन मिनिटांत सहा माणसांचे बारा आकडी क्रमांक, जन्मतारखा, पत्ते आणि फोटो त्याच्या खासगी फोनमध्ये, लग्नाचे व्हिडिओ आणि शुभ सकाळची फुलं यांच्या मधोमध जाऊन बसतात. मुलगा वाईट नसतो. मुक्कामाला आलेल्यांची नोंद ठेवावीच लागते आणि त्याला सुचलेला सोपा मार्ग तो वापरतो. पुढच्या हंगामात तो नोकरी सोडतो, जुना फोन विकून नवा घेतो. मग ते सहा आधार कुठे आहेत हे त्यालाही सांगता येत नाही.

तालुक्याच्या कुठल्याही स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास नुसतं उभं राहिलं तरी पुष्कळ कळतं. दुकानातल्या संगणकावर दुकानाचं व्हॉट्सॲप सकाळपासून उघडं असतं. येणारा प्रत्येक जण "पाठवलंय बघा" म्हणतो. पोरगी पीडीएफ उतरवते, प्रिंट काढते, पैसे घेते. 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये वर्ष-दोन वर्षांचे पॅन, आधार, रेशनकार्ड, जातीचे दाखले, पासबुकाची पहिली पानं एकावर एक साठलेली. बिघडलेल्या प्रती टेबलाखालच्या खोक्यात जातात आणि तिथून रद्दीत. रद्दीतून भेळेच्या पुड्यापर्यंतचा प्रवास फार लांबचा नाही. 'लाडकी बहीण'च्या अर्जांच्या दिवसांत, म्हणजे २०२४च्या पावसाळ्यात, अशा दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. त्या एका योजनेपायी किती बायकांची बँकखाती आणि आधार किती अनोळखी संगणकांवर राहून गेले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

सरकारच्या ध्यानात ही गोष्ट एकदा आली होती. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्या. लोक घाबरले, वाहिन्यांवर चर्चा झडल्या, आणि दोनच दिवसांत पत्रकाचा चुकीचा अर्थ लावला जाईल म्हणून ते मागे घेण्यात आलं. त्यातला सल्ला मात्र बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक आणि ओटीपी टाकला की आधार उतरवताना 'मास्क्ड' असा पर्याय दिसतो. त्या प्रतीत पहिल्या आठ आकड्यांच्या जागी फुल्या असतात. शिवाय २०१८पासून सोळा आकडी आभासी क्रमांक काढण्याची सोय आहे. तो हवा तेव्हा बदलता येतो आणि त्यावरून मूळ क्रमांक काढता येत नाही. दोन्ही सोयी फुकट आहेत. लॉजवाल्याला खोलीत उतरलेला माणूस कोण हे कळायला नाव, फोटो आणि शेवटचे चार आकडे पुरतात. मास्क्ड प्रत दिली की तो एकदा वर बघतो, एवढंच. "हे असं फुल्या फुल्या काय आलंय?" मग सांगावं लागतं.

या विषयावर बोलायला लागलं की जुन्नर-आंबेगावात एक उत्तर हमखास मिळतं. "अहो, आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे? गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं." खरं आहे. कुणाच्या चाळीत किती कांदा आहे, कुणी सोसायटीचं कर्ज थकवलंय, कुणाच्या मुलाचं लग्न का मोडलं, हे पारावर माहीत असतं. पण पारावरच्या माहितीला मालक असतो. कोण बोललं ते कळतं, त्याला जाब विचारता येतो, आणि दोन पावसाळे गेले की पुष्कळसं विसरलंही जातं. संगणकातली माहिती विसरत नाही, आणि तिचे तुकडे जोडणारा माणूस गावातला असेलच असं नाही.

तुकडे किती उघड्यावर आहेत ते पाहा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडा. गट क्रमांक माहीत नसेल तर नावाने शोधा. सातबारा समोर येतो: खातेदार, भाऊबंद, क्षेत्र, पिकं, आणि इतर अधिकारांच्या रकान्यात कुठल्या बँकेचा किंवा सोसायटीचा किती बोजा आहे तेही. मतदार यादीत वय, घर क्रमांक, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पीएम-किसानच्या गाववार यादीत लाभार्थ्यांची नावं. यातली प्रत्येक यादी उघडी असण्याला कारण आहे, आणि त्या उघड्या असल्यामुळेच कुणाची जमीन परस्पर कुणाच्या नावावर चढली हे पकडता येतं. पण तिन्ही याद्या शेजारी ठेवल्या की फोनवरचा अनोळखी माणूस थेट म्हणतो, "आजोबा, तुमच्या गट नंबर अमुकवर सोसायटीचा बोजा आहे ना, तो माफ झालाय, एक ओटीपी येईल तो सांगा." आजोबांना वाटतं, एवढं माहीत आहे म्हणजे बँकेतलाच असणार.

ओटीपीही न लागणारा एक रस्ता आहे: अंगठा. गावोगावच्या बँक-मित्राकडे आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. म्हाताऱ्या माणसांना ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण अंगठा आपण आयुष्यभर कागदावर उठवत आलो आहोत. २०१८मध्ये तेलंगणात एका तरुणाने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवले, त्यावरचे ठसे घेतले आणि रबरी शिक्के बनवायच्या यंत्रावर त्यांच्या नकला काढून त्यांवर सिमकार्डं चालू केली. नंतरच्या वर्षांत अशाच नकली ठशांनी खात्यांतले पैसे काढल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. यावर उपाय आहे: आधारचे ठसे 'लॉक' करून ठेवायचे, लागतील तेव्हाच उघडायचे. शहरात हा सल्ला एका ओळीत देऊन मोकळं होता येतं. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आजीला रेशनचं धान्यच अंगठ्यावर मिळतं. ठसा लॉक केला तर रेशन अडकतं. उघडायला स्मार्टफोन, आधारला जोडलेला नंबर आणि रेंज एकाच वेळी हाताशी हवी. सुरक्षिततेचे सल्ले बहुतेक वेळा अशाच ठिकाणी येऊन थांबतात: उपाय खरा असतो, पण ज्याला तो सांगितला जातो त्याचा दिवस कसा जातो हे उपाय काढणाऱ्याने पाहिलेलं नसतं.

नारायणगावजवळ खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यातल्या चौदा खोडदच्या मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. ही जागा निवडली त्याचं एक कारण म्हणजे इथली रेडिओ-शांतता. आता तीच शांतता सांभाळणं ही शास्त्रज्ञांची डोकेदुखी झाली आहे, कारण दुर्बीण ज्या लहरींच्या पट्ट्यात ऐकते त्यातच मोबाइलही बोलतो. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या हायड्रोजनच्या क्षीण खुणेपुढे शेतातल्या बांधावरचा एक फोन म्हणजे कानाशी वाजणारा डीजे.

खोडदच्या लोकांना जे तांत्रिक कारणाने ठाऊक आहे ते आपल्यालाही ठाऊक हवं: खिशातला फोन गप्प नसतो. आपण बोलत नसलो तरी तो ठरावीक वेळाने जवळच्या टॉवरला आपली हजेरी देतो. टॉवर बदलला की पुन्हा देतो. कुठून कुठे, किती वाजता, किती वेळ बोलणं झालं, याच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. डिसेंबर २०२१मध्ये ही मुदत एका वर्षावरून दोन केली गेली. व्हॉट्सॲपवरचा मजकूर एप्रिल २०१६पासून कुलूपबंद आहे, वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे खरंच मोठं काम झालं. पण कोण कोणाशी किती वाजता बोललं, हे कुलपाच्या बाहेर राहतं. मंचरच्या एखाद्या बाईने रात्री साडेअकराला महिला हेल्पलाइनला चार मिनिटं फोन केला, एवढी एकच नोंद घ्या. ती काय बोलली हे कळायची कुणाला गरज उरते का?

आणि तिच्या बाबतीत धोका कंपनीचा नाही, सरकारचा तर नाहीच. धोका घरातला आहे. फोन नवऱ्याच्या नावावर, पासवर्ड सासूला माहीत, कॉल-लॉग रात्री तपासला जातो. तिला परदेशी सर्व्हरमधून फिरून जाणारा रस्ता सांगून काही उपयोग नाही. शेजारणीचा फोन हाच तिचा सुरक्षित रस्ता. म्हणून गोपनीयतेची साधनं शिकवणारा कुणीही शहाणा माणूस आधी एक प्रश्न विचारतो: कुणापासून? ब्राउझरची 'इन्कॉग्निटो' खिडकी घरातल्यांपासून आपण काय पाहिलं ते लपवते, कारण फोनवर इतिहास उरत नाही. संकेतस्थळांपासून, इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून ती काहीच लपवत नाही. या खिडकीबद्दल गूगलवर अमेरिकेत खटला झाला आणि २०२४मध्ये तडजोडीत जमवलेल्या नोंदी नष्ट करायला गूगलने मान्यता दिली. म्हणजे नोंदी होत होत्याच. सिग्नल नावाचं ॲप दुसऱ्या टोकाचं. २०१६मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन आदेशावर त्यांना एका ग्राहकाची माहिती द्यावी लागली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. जी माहिती ठेवलीच नाही ती कोणी मागून नेऊ शकत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या 'डाउनलोड्स'लाही हे लागू आहे. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ते फोल्डर रिकामं केलं तर तालुक्यातली गोपनीयता कुठल्याही परिसंवादापेक्षा जास्त सुधारेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता खऱ्या निनावीपणाकडे येऊ. जगात यासाठी सर्वांत नावाजलेलं साधन म्हणजे टॉर. त्याची रचना ज्या तत्त्वावर आहे त्याला तंत्रज्ञ 'कांदा मार्ग' म्हणतात, आणि आळेफाटा-ओतूरच्या बाजारात कांद्याला पाकळ्या असतात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. आपला संगणक जगभरच्या काही हजार स्वयंसेवी सर्व्हरांतून तीन निवडतो आणि संदेशाला एकावर एक तीन आवरणं चढवतो. पहिला सर्व्हर वरची पाकळी काढतो. त्याला संदेश कुणाकडून आला ते कळतं, आत काय आहे आणि कुठे जायचंय ते कळत नाही. मधल्याला दोन्ही बाजूंचे फक्त शेजारी दिसतात. तिसरा शेवटची पाकळी काढून संदेश मुक्कामी पोचवतो. त्याला पत्ता कळतो, पाठवणारा कळत नाही. तिघांपैकी कुणा एकाला फोडून पूर्ण गोष्ट मिळत नाही. अर्थात त्यातून जाऊन आपण आपल्याच नावाच्या खात्यात शिरलो, तर तीन पाकळ्या घालून वर नावाची चिठ्ठी डकवल्यासारखंच.

हे तंत्र १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मलं. पॉल सायव्हरसन, मायकल रीड, डेव्हिड गोल्डश्लाग ही त्यामागची माणसं. नौदलाला आपल्या लोकांनी परदेशातून संपर्क साधला तरी ते कोण हे कळू नये, असं हवं होतं. पण त्यात एक अडचण होती. हे जाळं फक्त नौदलाने वापरलं, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ते सर्वांना खुलं करणं भाग होतं. २००२मध्ये टॉरचं जाळं सुरू झालं. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी पुढे ते नावारूपाला आणलं आणि २००६मध्ये त्याची स्वतंत्र ना-नफा संस्था झाली. पत्रकार, पोलीस, कार्यकर्ते, चोर, उत्सुक विद्यार्थी, सगळे एकाच वाटेने जातात, आणि त्या खिचडीमुळेच प्रत्येकाला आडोसा मिळतो. टॉरचा ब्राउझर तर आपल्या खिडकीचं मापसुद्धा ठरावीक साच्यात बसवतो. पडद्याची रुंदी, अक्षरांचे साचे, भाषा अशा बारीकसारीक गोष्टी जोडूनही माणूस ओळखता येतो. २०१०मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने केलेल्या पाहणीत पाचांतले चार ब्राउझर अशा खुणांवरून एकमेवाद्वितीय ठरले होते. जुन्नरात बसून मराठी कळफलक लावलेला माणूस तर आणखी लवकर वेगळा पडणार.

गर्दी नसली की काय होतं याचा धडा हार्वर्डला मिळाला. डिसेंबर २०१३मध्ये परीक्षेच्या सकाळी विद्यापीठाला बॉम्बच्या धमकीचा मेल आला. पाठवणाऱ्या विद्यार्थ्याने टॉर वापरला होता आणि टॉरने त्याचं काम चोख केलं. मेल कुठून आला ते कळलं नाही. तपासणाऱ्यांनी उलट्या बाजूने पाहिलं: त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉरकडे कोण गेलं होतं? त्यावरून ते त्या मुलापर्यंत पोचले, विचारपूस केली आणि त्याने कबुली दिली. त्याने केलं ते चुकीचंच होतं, पकडला गेला ते बरंच झालं. पण हीच युक्ती चांगल्या कामासाठी धडपडणाऱ्या माणसावरही चालते. हार्वर्डसारख्या हजारोंच्या विद्यापीठात जे झालं ते एखाद्या वाडीवर काय होईल? टॉरकडे जाणंच लपवणारे 'पूल' टॉरवाल्यांनी बांधले आहेत आणि ते कामाचे आहेत. तरीही मूळ गोष्ट तशीच राहते. ही साधनं शहरांच्या गर्दीत घडली. गावात गर्दी नाही. एका वाडीत एकच माणूस काहीतरी वेगळं वापरत असेल, तर त्याचं वेगळेपण हीच त्याची ओळख.

व्हीपीएनचं बघा. मोबाइलच्या जाहिरातींत हा शब्द एखाद्या ताईतासारखा विकला जातो. प्रत्यक्षात व्हीपीएन म्हणजे विश्वास हलवणं: इंटरनेट कंपनीऐवजी आता व्हीपीएनवाल्याला सगळं दिसतं. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, फोन, आयपी क्रमांक आणि सेवा घेण्याचं कारण पाच वर्षं जपून ठेवावं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. व्हीपीएन वापरायला बंदी आली नाही. नोंद ठेवण्याची सक्ती आली. फुकटच्या व्हीपीएनबद्दल वेगळं सांगायला नको, दुकान फुकट चालत नाही.

आणि ही सगळी साधनं अचूक वापरली तरी एक दार उघडं राहतं. भीमाशंकरच्या कड्याखाली, मुरबाडच्या बाजूला, सिद्धगड आहे. १९४२च्या चळवळीत भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी त्या रानात भूमिगत होते. जंगल दाट होतं, माणसं जिवाला जीव देणारी होती. तरी २ जानेवारी १९४३ला पोलीस नेमके तिथे पोचले आणि कोतवाल व हिराजी पाटील धारातीर्थी पडले. खबर आतून फुटली की बाहेरचा आडोसा कामाला येत नाही. फोन-संगणकाचं तसंच. पुण्यात ३१ डिसेंबर २०१७ला शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेनंतरच्या खटल्यात मुख्य पुरावा संगणकांतल्या कागदपत्रांचा होता. आरोपी रोना विल्सन यांच्या बाजूने आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने त्यांच्या लॅपटॉपच्या नकलेची तपासणी केली. नेटवायर नावाच्या घुसखोर प्रणालीने बावीस महिन्यांहून अधिक काळ त्या लॅपटॉपवर ताबा ठेवला आणि आक्षेपार्ह पत्रं बाहेरून आत ठेवली गेली, असा त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. काय खरं हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. तांत्रिक बाजू मात्र वादातीत आहे. यंत्रच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर संदेश कितीही कुलूपबंद असो, तो पडद्यावर उघडतो तेव्हा दोघं वाचतात. मेलमधून आलेली फाइल न उघडणं आणि फोन वेळेवर अद्ययावत करणं, हे कंटाळवाणे सल्ले म्हणूनच पहिल्या नंबरचे आहेत.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितलं. त्यातलं मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचं. त्यांचं मूळ गाव शेजारच्या खेड तालुक्यातलं कन्हेरसर. आणीबाणीत, १९७६मध्ये, नागरिकाचे हक्क सरकारच्या हवाली करणाऱ्या बहुमताच्या निकालात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मुलाने तो निकाल चुकीचा होता असं स्पष्ट लिहून मोडीत काढला. एका घराण्यातला एवढा मोठा मतभेद इतक्या शांतपणे छापला गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. पण हक्क सांगितला जाणं आणि तालुक्याच्या कचेरीत तो चालणं यात अंतर आहे.

ते अंतर सगळ्यात जास्त कळतं माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्याला. सतीश शेट्टी यांनी याच पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव दाभाडे परिसरातले जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून कागदोपत्री उघडे केले. धोका आहे म्हणून पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१०च्या सकाळी त्यांचा भररस्त्यात खून झाला. तपास सीबीआयकडे गेला. शिक्षा आजवर कुणालाही झालेली नाही. शेट्टींनी काही लपवलं नव्हतं, त्यांचं नाव प्रत्येक अर्जावर होतं. आणि छोट्या गावात अर्ज आवक-जावक रजिस्टरला चढला की ज्याच्याविरुद्ध तो आहे त्याच्या कानावर संध्याकाळच्या चहापर्यंत जातो. त्यासाठी कुणाला हॅकर व्हावं लागत नाही.

कायदा करणाऱ्यांना याची कल्पना नव्हती असं नाही. २००५च्या कायद्याच्या कलम ६(२)मध्ये स्पष्ट आहे की अर्जदाराला माहिती का हवी हे विचारायचं नाही, आणि संपर्कापुरता तपशील सोडून वैयक्तिक काही मागायचं नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं: घरच्या पत्त्याचा आग्रह धरू नका, टपाल पेटीचा क्रमांक पुरेसा आहे. केंद्राच्या कार्मिक विभागाने हा आदेश सगळ्या खात्यांना कळवला. म्हणजे टपाल कचेरीत भाड्याने मिळणारी पेटी हे या देशातलं निनावीपणाचं कायदेशीर साधन आहे, आणि ते माहीत असलेले अर्जदार हाताच्या बोटांवर मोजावेत.

इथे एक गुंता नव्याने झाला आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ते लागूही झालं. पूर्वी एखाद्याची वैयक्तिक माहिती सार्वजनिक हिताची असेल तर अधिकाऱ्याने ती द्यायची होती. आता वैयक्तिक एवढं कारण सांगून त्याला नकार देता येतो. व्यापक जनहिताचं कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते सिद्ध करत बसायचं अर्जदाराने. रोजगार हमीच्या हजेरीपटावरची खोटी नावं पकडायची तर नावं दिसायला हवीत. ठेकेदाराला झाकणारा आणि मजुराला उघडं पाडणारा खासगीपणा मला मंजूर नाही. मजुरांचे फोटो कामावर दिवसातून दोनदा ॲपवर चढवले जातात, त्याबद्दल या कायद्याच्या वकिलांना फारसं काही म्हणायचं नसतं, हेही नोंदवून ठेवतो.

मग जुन्नर-आंबेगावातल्या अर्जदाराने करायचं काय? नाव तर अर्जावर द्यावंच लागतं. इथे कायद्यातली एक साधी तरतूद उपयोगी पडते: देशाचा कुठलाही नागरिक कुठल्याही कचेरीला माहिती मागू शकतो. जुन्नर तालुक्यातल्या बंधाऱ्याच्या खर्चाचा अर्ज सांगोल्याहून, चंद्रपूरहून, सावंतवाडीहून आला तरी तो तितकाच वैध. इथल्याने तिथला अर्ज करावा, तिथल्याने इथला. एकाच कामाबद्दल पाच तालुक्यांतून पाच अर्ज आले, तर त्यातला खरा जाणकार कोण हे कचेरीतल्या कुणालाही सांगता येणार नाही. नौदलाला जे जाळं सगळ्यांसाठी खुलं करावं लागलं त्यामागचा हिशेब हाच होता. केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११मध्ये ठराव करून सांगितलं की माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला तर त्याने मागितलेली माहिती सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकण्यात यावी. अर्जदाराला गप्प करून कागद दाबता येत नाही, एवढं समोरच्याला आधी कळलं पाहिजे, आणि पाच अर्जांनी ते हल्ल्याआधीच कळतं. राज्याच्या कचेऱ्यांसाठी ऑनलाइन अर्जाची सोय आहे. टपालाने पाठवायचा असेल तर साधा कागद आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तरासाठी मुदत तीस दिवसांची.